ऑपरेशनच्या आधी-नंतर आईला आर्निका द्यावी का?

आईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात, दुर्बिणीतून, आणि मावशींचा आग्रह की होमिओपॅथीच्या आर्निका २०० च्या गोळ्या आजपासूनच सुरू कर, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही. पण दोन वर्षांपूर्वी मीही हीच बाटली खिशात घालून हर्नियाच्या ऑपरेशनला गेलो होतो.

आधी पाच दिवस आणि नंतर दहा दिवस, चार-चार गोळ्या नेमाने चघळल्या. तरी तिसऱ्या दिवशी टाक्यांपासून जांघेपर्यंत (खरं तर त्याच्याही खाली) सगळं काळंजांभळं. घाबरून सर्जनना फोन केला. म्हणाले, रक्त उतरलंय, होतं असं, आपोआप जिरेल. जिरलंही. गोळ्या देणारे काका मात्र म्हणाले, "आर्निका नसती तर बघायला नको होतं!" यावर माणूस काय बोलणार?

खरंखोटं करायचं तर दोन गट हवेत, एकाला आर्निका आणि दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. इंग्लंडमध्ये मनगटाच्या कार्पल टनेल ऑपरेशनच्या ६४ रुग्णांवर हे करून पाहिलं, २००३ साली छापून आलं. दुखणं, सूज, काळंनिळं पडणं, कशातच म्हणावा असा फरक नाही. नवलही नाही. औषधाच्या एका थेंबात पाण्याचे किंवा अल्कोहोलचे ९९ थेंब मिसळायचे, त्यातला एक थेंब घेऊन पुन्हा तेच, असं ३० वेळा केलं की ३० पोटन्सी. बाराव्या खेपेनंतरच मूळ औषधाचा कण उरायची आशा जवळपास संपते, २०० तर लांबच.

त्यामुळे या गोळ्यांचा मला भरवसा नाही, तशी भीतीही नाही. भीती 'क्यू' लिहिलेल्या थेंबांची, म्हणजे मदर टिंक्चरची. त्यात वनस्पतीचा खराखुरा अर्क आणि अल्कोहोल असतं, आणि आर्निकाचा अर्क पोटात गेला तर विषारी ठरू शकतो. तो नकोच. जेल असेल तर टाक्यांवर चोळू नका.

भूलतज्ज्ञ तपासायला बोलावतील तेव्हा घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. काढे, लसणाच्या कॅप्सूल, सगळं. मी लपवलं होतं, मूर्खपणा. आईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची तेही त्यांनाच विचारा.

घरी आल्यावर थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, पोट जास्तच दुखायला लागलं, तर पोटन्सी बदलत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

राहता राहिल्या मावशी. ऑपरेशनच्या सकाळी त्या बाटली घेऊन आल्याच, तर सांगा, "भूलवाल्या डॉक्टरांनी तोंडात काहीही घालू नका म्हटलंय." खोटंही नाही ते.