साध्या किटवर रेसिंगची डेकल लावली की स्पेशल एडिशन होते का?

तुमचा प्रश्न असा: गाडीच्या प्लास्टिक मॉडेलचं पहिलंच १/२४ किट (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढं) घ्यायचंय, बीएमडब्ल्यूच्या जुन्या थ्री सिरीजचं, म्हणजे ई३० चं, साधं किट स्वस्तात मिळतंय आणि एम३ चं, म्हणजे तिच्याच शर्यतीसाठी काढलेल्या आवृत्तीचं, किट त्याच्या जवळपास दुप्पट आहे. मग साधं घेऊन त्यावर रेसिंगची डेकल, म्हणजे छापील स्टिकर, लावून एम३ करता येईल का, कारण "फरक कोणाला कळणार आहे?"

नाही करता येणार. आणि फरक कळतो. एम३ चंच किट घ्या.

उत्तर इथेच संपवता आलं असतं, पण "फरक कोणाला कळणार आहे" हे वाक्य मी आमच्याच घरात इतक्या वेळा ऐकलंय की आज सगळंच लिहितो.

माझा आतेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, नाशिकला गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्सला होता, पुढे मॅनेजर झाला. आपल्या कामात पक्का माणूस. गिऱ्हाईक आत आल्यावर आधी कोणत्या गाडीपाशी थांबलं, यावरून ते शेवटी काय बुक करणार हे तो सांगायचा. त्याचं ठाम मत होतं की स्पेशल एडिशन म्हणजे बिल्ला, पट्टे, काळी अलॉय आणि वाढीव किंमत. त्याच्या शोरूममध्ये जे येत होतं त्याच्यापुरतं ते खरंच होतं. पण एका गणपतीत सगळे घरी जमलेले असताना माझ्या शेल्फवरची एम३ बघून तो म्हणाला, "ही पण तसलीच. थ्री सिरीजला मागे पंख लावला, मडगार्डं फुगवली, झाली एम३." सगळे हसले. मला ते फार लागलं, कारण जगात ज्या गाडीबद्दल हे वाक्य सगळ्यात खोटं आहे, नेमकी तीच त्याने उचलली होती.

मी त्याला तिथेच सांगायला सुरुवात केली. तेव्हाच्या टूरिंग कार शर्यतींच्या ग्रुप ए या वर्गाचा नियम होता: ज्या गाडीने शर्यतीत उतरायचं, ती बारा महिन्यांत ५००० बनलेली पाहिजे. आणि बाहेरचा आकार रस्त्यावरच्या गाडीचा जो असेल तोच ट्रॅकवर. शर्यतीसाठी म्हणून वेगळा पंख लावायचा नाही, चाकं रुंद करायची म्हणून मागाहून मडगार्ड ओढायची नाहीत. त्यामुळे बीएमडब्ल्यूला ट्रॅकवर जे जे हवं होतं ते आधी रस्त्यावरच्या ५००० गाड्यांना द्यावं लागलं. शोरूममध्ये खपावी म्हणून तो पंख आलेला नाही. शर्यतीत पंख हवा होता, म्हणून शोरूममधल्या गाडीलाही तो घ्यावा लागला.

दादाने ऐकून घेतलं आणि त्याला बरोबर सापडायचं तेच सापडलं. "साध्या थ्री सिरीजमधल्या ३२५ ला सहा सिलिंडर ना? आणि तुझ्या एम३ ला?" चार. "मग सहाचे चार केले आणि पैसे जास्त घेतले. याला आम्ही काय म्हणतो ते सांगू का?"

दोन सिलिंडर कमी करणं हाच तर त्या गाडीचा जीव आहे. सहा सिलिंडरचं इंजिन लांब, त्याचा क्रँकशाफ्ट लांब, आणि लांब क्रँकशाफ्ट खूप वेगात फिरवला की पिळवटतो. पॉल रोशे या त्यांच्या इंजिनवाल्याने बीएमडब्ल्यूच्याच एम१ गाडीच्या सहा सिलिंडरच्या हेडचं (इंजिनच्या वरच्या भागाचं) दोन सिलिंडरएवढं टोक कापून पहिला नमुना उभा केला. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, २३०२ सीसी. रस्त्यावर साधारण २०० हॉर्सपॉवर, आणि शर्यतीत हेच इंजिन ८००० आरपीएमच्या वर फिरायचं. वर नाकावरचं वजन कमी झालं ते वेगळंच. दादा म्हणाला, "हे तू वाचून सांगतोयस. दिसतंय कुठे? दाखव."

म्हणून दाखवलं. तुम्ही जे करायचं म्हणताय, तेच केलं: साधं ई३० चं किट आणलं आणि त्याची एम३ करायला घेतली. फक्त डेकल लावून नाही, कापून.

आधी काय ठेवता येतं ते बघितलं. बॉनेट तेच, छप्पर तेच, दारं तीच. बस. पुढचे मडगार्ड वेगळे, मागचे वेगळे, दोन्ही बंपर वेगळे, दाराखालच्या पट्ट्या वेगळ्या, डिकीचं झाकण वेगळं. एवढ्यावरही लोक म्हणतील की हे सगळं बाहेरून चिकटवलेलं. मग मागची काच बघा. एम३ ची मागची काच साध्या ई३० पेक्षा जास्त आडवी आहे. काचेच्या बाजूच्या खांबाचा उतार बदललाय आणि डिकीचं झाकण वर उचललंय, ते झाकण पत्र्याचं नसून प्लास्टिकच्या संमिश्राचं आहे. हे कशासाठी? साध्या ई३० चं छप्पर मागे एकदम तुटतं, वारा तिथे सुटतो आणि पंखापर्यंत नीट पोचतच नाही. पंख कामाला यायला हवा तर वारा काचेवरून घसरत त्याच्यापर्यंत यायला हवा. पंख लावण्यासाठी मागचा अर्धा भाग बदललाय, हे मला वाचून माहीत होतं. हातात करवत आल्यावर ते पटलं.

मी खांब कापले. प्लास्टिक शीटच्या पट्ट्या लावून नवा उतार बांधला. काच किटमधली चालणारच नव्हती, ती शर्टाच्या खोक्याच्या पारदर्शक प्लास्टिकमधून कापली. साध्या गाडीत काचेभोवती रबर ठसठशीत दिसतं. एम३ ची काच बॉडीला चिकटवलेली, म्हणून किटवरची ती रबराची उठावदार कड घासून सपाट करावी लागली. डिकीचं झाकण नव्याने बनवलं.

खरी परीक्षा मडगार्डांची. साधी ई३० रुंदीला १६४५ मिलिमीटर, एम३ १६८० मिलिमीटर. १/२४ मध्ये हा फरक दीड मिलिमीटरही भरत नाही, एका बाजूला जेमतेम पाऊण. पण एम३ चे मडगार्ड गोल फुगलेले नाहीत, पेटीसारखे कडक काठाचे आहेत, आणि पाऊण मिलिमीटरच्या पुट्टीत तो काठ चारही चाकांवर सारखा काढायचा. एक बाजू जमते, दुसरी तिच्याशी जुळत नाही. कार्डपेपरचा साचा कापून तो उलटा करून दुसऱ्या बाजूला लावून बघायचा, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर मारायचा. प्रायमर सगळ्या चुका उघड्या पाडतो, की पुन्हा पॉलिश पेपर. चाकंही बदलावी लागली: साध्या गाडीच्या चाकाला चार बोल्ट, एम३ ला पाच, कारण हब मोठ्या फाइव्ह सिरीजचे घेतलेत. १/२४ मध्ये बोल्ट मोजता येतात. मोजणारे मोजतात.

कापलेला प्रत्येक तुकडा मी एका डबीत ठेवत गेलो. गाडी झाल्यावर दादाला बोलावलं, शेजारी दुसरी साधी बॉडी ठेवली आणि डबी त्याच्यासमोर टेबलावर पालथी केली. त्याने दोन्ही बॉड्या हातात घेतल्या, आलटूनपालटून मागून बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग म्हणाला, "मानलं. पण एवढं बघतं कोण?"

मुद्दा हरल्यावर माणूस इथे येऊन थांबतो, आणि तुमचा प्रश्न इथूनच सुरू झालाय. म्हणून बघतं कोण ते सांगतो. १९८७ साली जागतिक टूरिंग कार मालिकेची पहिली शर्यत मोंझाला झाली. नवीकोरी एम३, आणि पहिल्या सहाही जागांवर एम३. शर्यतीनंतर तपासनिसांनी गाड्या तपासल्या. बॉडीचे भाग मंजूर केलेल्या गाडीपेक्षा हलके निघाले. सहाच्या सहा बाद. सातव्या आलेल्या होल्डन कमोडोरला, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या ॲलन मॉफट आणि जॉन हार्वी यांना, पहिला नंबर दिला. डोळ्यांना न दिसणारा फरक, आणि त्याच्यापायी बीएमडब्ल्यूने अख्खी शर्यत घालवली. त्याच वर्षी पुढे रॉबर्टो रावालियाने एम३ मध्येच विजेतेपद मिळवलं, आणि ते नियमात राहून मिळवलं.

दादाला हे सांगितलं तर म्हणाला की माझ्या शोरूममध्ये तपासनीस येत नाही. बरोबर, आणि म्हणूनच तिथे बिल्ले विकले जातात.

त्याने स्वतः पुढे एक 'लिमिटेड एडिशन' हॅचबॅक घेतली. काळं छप्पर, लाल पट्टा, डॅशबोर्डवर अनुक्रमांकाची पट्टी. पट्टीबद्दल त्याला मनापासून अभिमान आहे. माझा त्याला एकच प्रश्न आहे, आणि कुठल्याही एडिशनबद्दल तुम्हीही तोच विचारा: हा आकडा कोणी ठरवला? एम३ चा ५००० आकडा नियमाने ठरवला. पुढे सुधारित आवृत्तीसाठी नियमात ५०० होतं, म्हणून मर्सिडीजने १९० ची इव्होल्यूशन टू ५०२ बनवली. बीएमडब्ल्यूने १९९० ची स्पोर्ट इव्होल्यूशन ६०० बनवली. त्या ६०० मध्ये काय आहे बघा: इंजिन २४६७ सीसी, कारण जर्मनीतल्या टूरिंग कार शर्यतींच्या मालिकेत अडीच लिटरची मर्यादा होती. पुढची पट्टी आणि मागचा पंख हाताने पुढेमागे करता येतो. फॉग लाइट काढून त्या भोकांतून ब्रेकला वारा नेलाय. वजन वाचवायला मागची काच पातळ केली, पेट्रोलची टाकी लहान केली. रंग दोनच, काळा नि लाल. गिऱ्हाइकाच्या हौसेसाठी यात काहीही नाही, आणि आज लोक याच गाडीसाठी वेडे होतात.

आता थोडं सावरून घेतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी सुबारू इम्प्रेझा २२बी आणून ठेवेलच. ती १९९८ ची, जपानसाठी ४०० बनलेली, आणि तिला कोणत्याही नियमाची सक्ती नव्हती. १९९७ पासून रॅलीच्या नव्या नियमांत तशी गरज उरली नव्हती. ती साजरी करण्यासाठीच काढली. पण रुंद दोन दारांची बॉडी आणि २.२ लिटरचं इंजिन खरोखर दिलं. म्हणजे सक्तीशिवायही कंपनी मनावर घेऊन गाडी बनवू शकते, हे मान्य. आणि आपल्याकडे सचिनच्या नावाची फियाट पालिओ एस१० ज्यांनी जपून ठेवली असेल, त्यांना मी काही म्हणत नाही. तिथे जपायची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला पूर्ण समजते.

तुमच्या किटकडे येतो. 'लिमिटेड' लिहिलेल्या किटला डोळे झाकून दुप्पट पैसे देऊ नका. पुष्कळदा आतला साचा तोच असतो, वर कोरीव धातूचा एक पत्रा आणि वेगळी डेकल शीट असते. त्याचे पैसे द्यावेत का हे तुमच्या हातावर आहे; पहिल्या किटला कोरीव पत्रा नकोच, ते बारीक तुकडे वाकवताना वैताग येतो. पण एम३ च्या किटचा साचाच वेगळा आहे, आणि दुप्पट किंमत त्यासाठी आहे. ती द्या.

डेकल बदलणं वाईट असं मी म्हणत नाही. सिगारेट कंपन्यांची नावं नव्या किटमध्ये बहुतेक छापलेलीच नसतात, जाहिरातीच्या नियमांमुळे. त्या काळातली गाडी हुबेहूब करायची तर डेकल बाहेरून वेगळी मागवावीच लागते. योग्य बॉडीवर योग्य डेकल, एवढंच माझं म्हणणं.

रंगाचे स्प्रे डबे विमानाने येत नाहीत, तेव्हा परदेशातून किट मागवलंत तरी रंग इथल्याच दुकानातून घ्या. आणि पावसाळ्यात लॅकर (रंगावरचा चकचकीत पारदर्शक थर) मारू नका. हवेतल्या दमटपणाने तो पांढुरका पडतो, काळ्या रंगावर तर धुकं बसल्यासारखा दिसतो. मी जून ते सप्टेंबर फक्त कापणं, घासणं आणि पुट्टी करतो, रंग दिवाळीनंतर.

किट घेण्याआधी कोणत्या वर्षाची, कोणाची गाडी करायची ते ठरवा, कारण सुरुवातीच्या २.३ लिटरच्या एम३ चा पंख आणि पुढची पट्टी वेगळी, स्पोर्ट इव्होल्यूशनची वेगळी. खोक्यावरचं बारीक छापलेलं वर्ष वाचा. १९८७ ची रावालियाची डेकल १९९० च्या बॉडीवर लावू नका.