तीन दिवसांत एकही चूक सापडली नाही, हार्डवेअर सोडू का?

प्रश्न: मी पुण्यात ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपमध्ये सरांनी कारमधल्या इथरनेट ट्रान्सीव्हरची, म्हणजे तारेवरून डेटा पाठवणाऱ्या-घेणाऱ्या चिपची, स्किमॅटिक (सर्किटची आकृती) तपासायला दिली. तीन दिवस बघितली, काहीच सापडलं नाही. सरांनी दहा मिनिटांत चार चुका काढल्या. आईबाबा म्हणतात, सॉफ्टवेअरचा कोर्स कर.

उत्तर: तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात डेटाशीटचा, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकाचा, उल्लेख कुठेच नाही आणि मला वाटतं, अडलंय ते तिथेच. नुसती स्किमॅटिक बघून मलाही चुका दिसत नाहीत. शेजारी डेटाशीट उघडी ठेवायची आणि एकेक पिन धरून विचारायचं, ही इथे का जोडली आहे?

तुझंच सर्किट घे. कॉलेजात शिकलीस त्या १०० मेगाबिट इथरनेटला वायरच्या दोन जोड्या आणि ट्रान्सफॉर्मर लागतो. कारमधल्या १००बेस-टी१ ला, म्हणजे २०१५ च्या स्टँडर्डला, पिळलेली एकच जोडी पुरते आणि तिच्यावरूनच दोन्ही दिशांचा डेटा एकाच वेळी जातो. ट्रान्सफॉर्मरच्या जागी सहसा दोन कपॅसिटर आणि एक कॉमन मोड चोक, म्हणजे दोन्ही तारांवर सारखाच येणारा गोंगाट अडवणारी कॉइल. मग चोक याच स्टँडर्डसाठीचा आहे का? दोन्ही कपॅसिटर सारखे आहेत का? ईएसडी डायोडचा, म्हणजे स्थिर विजेच्या झटक्यापासून चिप वाचवणाऱ्या भागाचा, कपॅसिटन्स जास्त असेल तर संरक्षण देणारा तोच सिग्नल बिघडवतो.

सगळ्यात जास्त वेळ स्ट्रॅप पिनांना दे. चिप मास्टर (ताल देणारी) की स्लेव्ह (समोरचीचा ताल पाळणारी), तिचा पत्ता काय, हे रिसेट सुटताना त्या पिनांवर असलेल्या व्होल्टेजवरून ठरतं. पुष्कळदा त्याच पिना नंतर डेटा वाहतात. त्यामुळे समोरच्या प्रोसेसरचा आतला पुलअप (पिन वरच्या व्होल्टेजकडे ओढणारा रेझिस्टर) चालू राहिला तर तुझ्या रेझिस्टरचं गणित फिसकटतं. ही चूक स्किमॅटिकमधल्या ट्रान्सीव्हरच्या पानावर दिसतच नाही. मी डिझाइनमध्ये असताना आमच्याकडून दोन्ही टोकं स्लेव्ह राहिली होती. लिंक येईना, आणि दोन दिवस आम्ही केबल बदलत बसलो.

आईबाबांची काळजी खरी आहे. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरमधल्या मैत्रिणींपेक्षा कमी असू शकतो, हे त्यांच्यापासून लपवू नकोस. पण सी आणि पायथन शीकच, कारण याच चिपचे रजिस्टर, म्हणजे तिच्या आतल्या सेटिंगच्या जागा, लिहायला-वाचायला ते लागणार आहे.

निर्णय मात्र आत्ता घेऊ नकोस. सरांच्या चार चुका वहीत लिही आणि प्रत्येक चूक डेटाशीटच्या कुठल्या पानावर पकडता आली असती, ते शोध. मग टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एखाद्या इव्हॅल्युएशन बोर्डची (चिप वापरून बघण्यासाठी कंपनीनेच बनवलेल्या बोर्डची) स्किमॅटिक उतरवून घे, ती सर्वांसाठी खुली असते, आणि पंधरा दिवस पिनेपिनेने वाच. कंटाळा आला तर कोर्सला खुशाल नाव घाल. रात्रीच्या जेवणाला तीनदा हाक मारावी लागली, तर आईबाबांना मला फोन करायला सांग.