वाचकांचे प्रश्न: बुद्धी, जनुके आणि निसर्गनिवड

प्रश्न: बुद्धिमत्ता ५० टक्के आनुवंशिक असते, असे वाचले. म्हणजे माझ्या मुलीची निम्मी बुद्धी आमच्याकडून आणि निम्मी शाळेतून आली, असे समजायचे का? (एक वाचक, सातारा)

नाही. हा आकडा एकट्या माणसाला लागूच होत नाही. एखाद्या समूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांमधल्या फरकांशी जोडता येतो, एवढेच तो सांगतो. तेही त्या समूहापुरते आणि तिथल्या परिस्थितीपुरते. जुळ्यांच्या अभ्यासांत लहानपणी तो २० ते ४० टक्क्यांच्या आसपास येतो आणि वयाबरोबर वाढतो. उद्या सगळ्या मुलांना सारखी शाळा आणि सारखा आहार मिळाला, तर परिस्थितीने पडणारा फरक मिटेल आणि हाच आकडा वर चढेल. जनुके मात्र होती तीच राहतील.

आनुवंशिक म्हणजे अटळ, हेही खरे नाही. फेनिलकीटोन्युरिया हा आजार जनुकातल्या दोषामुळेच होतो आणि उपचार न झाल्यास मेंदूला गंभीर इजा होते. पण जन्मानंतर लगेच निदान होऊन फेनिलअ‍ॅलनीन (प्रथिनांमधला एक घटक) कमी असलेला आहार सुरू झाला, तर ती इजा टाळता येते.

प्रश्न: वेगवेगळ्या लोकसमूहांच्या सरासरी बुद्ध्यंकातला फरक निसर्गनिवडीने घडला, हे आता डीएनएवरून सिद्ध झाले म्हणतात. खरे का? (एक वाचक, नागपूर)

सिद्ध झालेले नाही. का नाही, ते उंचीच्या उदाहरणावरून नीट कळते. हजारो जनुकीय बदलांचा बारीक बारीक परिणाम मोजून त्यांची बेरीज करतात. तिला बहुजनुकीय गुणांक म्हणतात. या बेरजेवरून उत्तर युरोपीय लोक निसर्गनिवडीने उंच झाले, असा निष्कर्ष काही वर्षे मान्य होता. पण मूळ आकडे अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेले होते. त्यामुळे उत्तरेत केवळ योगायोगाने जास्त आढळणाऱ्या बदलांनाही उंचीचे थोडे खोटे श्रेय मिळाले. एकेका बदलात ही चूक नगण्य, पण सगळ्या चुका एकाच दिशेच्या, म्हणून बेरजेत त्या फुगल्या. २०१९ मध्ये संशोधकांनी यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-माहिती संग्रहातल्या, बव्हंशी एकाच वंशपरंपरेच्या ब्रिटिश लोकांवरून गणित पुन्हा केले, तेव्हा निवडीचा तो पुरावा जवळजवळ विरून गेला.

उंची टेपने मोजता येते, तिथे ही गत. बुद्धीसाठी वापरले जाणारे गुणांक तर बहुधा ‘किती वर्षे शिक्षण झाले’ यावर बेतलेले असतात, आणि त्यात घरची ऐपत, भाषा, स्थलांतर सगळेच मिसळलेले असते. त्यावरून समूहांची प्रतवारी लावणे हे विज्ञान नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बुद्ध्यंकाची सरासरी परिस्थितीमुळे किती हलते, तेही पाहा. अमेरिकेत १९३२ ते १९७८ दरम्यान ती सुमारे १४ गुणांनी वाढली. इतक्या थोड्या काळात निसर्गनिवड एवढा पल्ला गाठत नाही. आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याच्या गलगंडाच्या (आयोडीनअभावी गळ्याला येणाऱ्या सुजेच्या) पट्ट्यात जमिनीतच आयोडीन कमी. गरोदर आईला ते पुरेसे मिळाले नाही, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणजे अख्ख्या प्रदेशाची सरासरी खाली येऊ शकते, तेही जनुकांत काही फरक नसताना. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून झालेल्या चाचणीत आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटले.

प्रश्न: लाळेतल्या डीएनएच्या तपासणीवरून मुलाची बौद्धिक क्षमता सांगणारा अहवाल घ्यावा का? (एक वाचक, ठाणे)

पैसे घालवू नका. २०२२ च्या, सुमारे ३० लाख लोकांच्या अभ्यासातला बहुजनुकीय गुणांकही शिक्षणाच्या वर्षांमधला १२ ते १६ टक्केच फरक सांगू शकला, आणि सख्ख्या भावंडांत त्याचा परिणाम जवळपास निम्म्यावर आला. हे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांचे. दक्षिण आशियाई लोकांत असे गुणांक आणखी कमी अचूक ठरतात. तरी कोणी अहवाल पुढे केलाच, तर दोनच गोष्टी विचारा: हा गुणांक कोणत्या लोकांवर तयार केला, आणि भावंडांमध्ये तपासला का?

आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर गर्भधारणा करण्याच्या उपचारात) ‘हुशार’ भ्रूण निवडून देतो, असे कोणी सांगितले तर तिथून उठा. भारतात २०२१ च्या कायद्यानुसार भ्रूणाची जनुकीय तपासणी आनुवंशिक आजारांसाठी आहे, बुद्धीसाठी नाही.