कोडिंगच्या वर्गासाठी हप्ते घ्यावेत का?

सेलू तालुक्यातील एका ताईंचा प्रश्न: मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीत आहे. ऑनलाइन प्रोग्रॅमिंग वर्गाची फी ४८,००० रुपये असून ती दरमहा ४,००० रुपयांच्या १२ ‘बिनव्याजी’ हप्त्यांत भरता येते. घरी सहा एकरांत सोयाबीन आणि कापूस आहे. सुकन्या समृद्धी खाते मोडून ही फी भरावी का?

ताई, शेजारच्या दादाच्या संगणकावर लेकीने स्क्रॅचमध्ये (रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) विहिरीची मोटार चालू-बंद करून दाखवली, हे आपण लिहिले आहे. ते वाचल्यावर तिला हे शिक्षण मिळालेच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही; मात्र ते या हप्त्यांवर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या हाती पैसा येतो तो दिवाळीच्या आसपास, आणि हप्ता मात्र दरमहा कापला जाणार, अगदी जूनमध्ये बियाणे-खतांची जुळवाजुळव चालू असतानाही. शिवाय असा हप्ता बहुधा वित्त कंपनीचे कर्ज असते. मुलीने वर्ग मध्येच सोडला तरी ते फेडावेच लागते, आणि थकलेला हप्ता सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसून पुढे पीककर्जाच्या वेळी आडवा येतो.

सुकन्या खाते तर असे मनात आले म्हणून मोडताही येत नाही. मुलगी दहावी झाल्यावर किंवा १८ वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. जानेवारी २०२४ पासून त्यावर ८.२ टक्के व्याज आहे. हात आखडलेल्या वर्षी किमान २५० रुपये भरून ते चालू ठेवावे.

माल विकला गेला की पंधरा-अठरा हजारांत, हमी लिहून घेऊन, दुरुस्त केलेला जुना लॅपटॉप घ्यावा. स्क्रॅच आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा दोन्ही मोफत आहेत आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवाय चालतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे पाठ मराठीतूनही आहेत. पुढे हजार-दीड हजारांत आर्डुइनो बोर्ड (प्रोग्रॅमवर चालणारे छोटे सर्किट) आणि जमिनीतील ओल मोजणारा सेन्सर आणून तो तिने कपाशीच्या ओळीत खोचावा, रोजचे आकडे नोंदवावेत आणि ओल किती उरली की पाणी द्यायचे हे आपल्या प्रोग्रॅममध्ये लिहावे. असे खरे काम तिला वर्गातल्या तयार खेळांपेक्षा अधिक शिकवील. २०१६ पासून नीती आयोगाच्या योजनेतून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांना अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहायच्या प्रयोगशाळा, मिळाल्या आहेत. जवळपास कुठे आहे का, हे मुख्याध्यापकांना अवश्य विचारावे.

तोवर वर्गवाल्यांचा फोन आल्यास आधार क्रमांक किंवा ओटीपी सांगू नये, कारण तेवढ्यावरही कर्ज आपल्या नावावर चढू शकते.