डिस्चार्जनंतर एअरलाइन: वायुसेनेची २० वर्षं आणि लायसन्सची सही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वायुसेनेत सार्जंट, ट्रेड प्रॉपल्शन फिटर (म्हणजे इंजिनवाला), बरीच वर्षं एएन-३२ या मालवाहू विमानावर, पुढच्या वर्षी २० पूर्ण होऊन डिस्चार्ज. आता एएमई (लायसन्स असलेला विमान देखभाल अभियंता) व्हावं, मिळालेला पैसा घालून पायलट व्हावं, की घरचे म्हणतात तसं बँकेत जावं? मी वायुसेनेतच एअरफ्रेम फिटर (विमानाचा सांगाडा आणि त्यातल्या यंत्रणा बघणारा) होतो, सध्या एका एअरलाइनच्या लाइन मेंटेनन्सला (उड्डाणांदरम्यानच्या देखभालीला) आहे. जे बघितलंय त्यावरून सांगतो.

पायलटचं आधी उरकतो. क्लास वन मेडिकल, डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर, २०० तासांचं फ्लाइंग, आणि खर्च ५० लाखांच्या आसपास. टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक जातीचं विमान चालवण्याच्या परवानगीचा, खर्च त्यावर. एवढं करून चाळिशीत तुम्ही पंचविशीतल्या पोरांबरोबर फर्स्ट ऑफिसरच्या (सहवैमानिकाच्या) रांगेत उभे. ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनचा (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतलेला) पैसा त्यात घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. हौस असेल तर ग्लायडिंग करा.

एएमईचं मात्र मनावर घ्या. फक्त एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण आपल्यातले बरेच जण इथेच दुखावले जातात. २० वर्षांच्या अनुभवाला मान मिळतो, पण त्या जोरावर विमान सोडता, म्हणजे उडायला योग्य म्हणून पास करता, येत नाही. विमान सोडायला सही लागते आणि सहीसाठी सीएआर-६६ या डीजीसीएच्या नियमाखालचं लायसन्स. एफ-७०० वर (वायुसेनेतल्या विमानाच्या देखभाल नोंदवहीवर) आपण आपापल्या ट्रेडपुरती सही करत आलो. इंजिन तुमचं, एअरफ्रेम माझं, वायरिंग तिसऱ्याचं. बी१.१ वाल्याला (टर्बाइन इंजिनाच्या विमानांचं लायसन्स असलेल्याला) हे तिन्ही सांभाळावं लागतं, म्हणून परीक्षाही तिन्हींची. मॉड्यूल (पेपर) १५ गॅस टर्बाइनचं, ते तुमच्या हातचं. १७ प्रोपेलरचं, तेही जमेल. पण ११ मध्ये हायड्रॉलिक्स, प्रेशरायझेशन, फ्लाइट कंट्रोल, लँडिंग गिअर सगळं एकदम येतं, आणि ४ व ५ म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि डिजिटल. इंजिनवाले तिथे हमखास अडकतात. पास व्हायला ७५ टक्के लागतात, त्यामुळे ‘थोडंफार येतं’ यावर भागत नाही. १० नंबरचा कायद्याचा पेपर कंटाळवाणा आहे, पण युनिफॉर्ममध्ये असतानाच देऊन टाकण्यासारखा आहे.

हो, युनिफॉर्ममध्ये असतानाच. परवानगीचा नियम काय आहे ते ऑर्डरली रूमला (युनिटच्या कार्यालयाला) विचारून लगेच सुरू करा. डिस्चार्ज झाल्यावर पहिले सहा महिने गावाकडचं घर, मुलांच्या शाळा आणि पेन्शनची कागदपत्रं यातच जातात. कोणत्या विमानावर कोणती कामं केली याचा अनुभवाचा दाखलाही आत्ताच घ्या. नंतर सही करणारा अधिकारी बदलून गेलेला असतो.

लष्करी अनुभव धरला जातो, पण नागरी विमानांवर काम केल्याचा काही काळाचा अनुभव वेगळा मागतात. म्हणून बहुतेकांना आधी टेक्निशियन म्हणून लागावं लागतं. तुम्ही विदर्भातले आहात, तर नागपूरच्या मिहानमधल्या एमआरओकडे (विमान देखभाल-दुरुस्ती केंद्राकडे) आधी बघा. लायसन्स हातात आल्यावरही ए३२० किंवा एटीआर अशा ठरावीक विमानाचं टाइप ट्रेनिंग उरतंच. ते कंपनी करून देणार की खिशातून, आणि बाँड किती वर्षांचा, हे ऑफर घेतानाच विचारा.

काम कसं असतं? विमानं दिवसा उडतात, म्हणून आपली पाळी बहुतेक रात्रीची. तुमच्या जॉब कार्डवर सही करणारा एएमई २६ वर्षांचा असेल आणि तुम्ही त्याला ‘सर’ म्हणाल. काहींना हे अजिबात झेपत नाही, हाताखाली दहा-बारा जण बाळगलेल्याला तर नाहीच. एआय-२० चं (एएन-३२ च्या इंजिनाचं) दुखणं तुम्ही आवाजावरून ओळखत असाल. इथे फॅडेकचा (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा) फॉल्ट मेसेज वाचायचा आणि मॅन्युअलने दिलेल्या क्रमानेच पुढे जायचं. पगारही सुरुवातीला तुमच्या शेवटच्या पगारापेक्षा कमीच. पेन्शन चालू असते म्हणून आपल्याला तो काळ काढता येतो, बाहेरच्या पोरांना ती सोय नसते.

वहिनींचं बँकेचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. सरकारी बँकांत क गटात माजी सैनिकांसाठी १४.५ टक्के जागा राखीव असतात, खासगी एअरलाइनमध्ये असं काहीही नाही. रात्रपाळी नको असेल, मुलं दहावी-बारावीला असतील, तर बँक हा चांगलाच पर्याय आहे. आणि ‘एअरपोर्ट जॉब गॅरंटी’ म्हणून पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

शेवटचं, क्षुल्लक वाटेल पण महिने खातं: दहावीचं सर्टिफिकेट, आधार आणि सर्व्हिस रेकॉर्डमधलं नाव एकसारखं आहे का बघा. आपल्याकडे आडनाव आधी, वडिलांचं नाव मध्ये, कुठे नुसती अद्याक्षरं, असा घोळ असतो. रेकॉर्डमधली दुरुस्ती सेवेत असतानाच करून घ्या, बाहेर पडल्यावर तीच गोष्ट दिल्लीला पत्रं पाठवून करावी लागते. ट्रेनिंगच्या वेळचे मार्कशीट असतील तर तेही जपून ठेवा, आणि कोणते पेपर आधी द्यायचे ठरवलंत की इथे लिहा, ११ च्या नोट्स कशा काढायच्या ते सांगतो.