रिकाम्या ऑफिस इमारतींची घरं का करत नाहीत?

करतात, पण प्रत्येक इमारतीची होत नाहीत. पहिली अडचण उजेडाची. मोठ्या ऑफिसात खिडकीपासून लिफ्टपर्यंत १२-१५ मीटर अंतर सहज भरतं. ट्यूबलाइटखाली टेबलं मांडायला ते चालतं. तिथे बेडरूम काढली तर तिची अडगळीची खोली होते. शिवाय संडासाचे पाइप सगळे लिफ्टजवळ. प्रत्येक घराला मोरी द्यायची तर मजल्यामजल्यावर स्लॅबला भोकं पाडावी लागतात.

न्यूयॉर्कच्या २५ वॉटर स्ट्रीटचं उदाहरण मला फार आवडतं. २२ मजल्यांची विटांची इमारत, खिडक्या अगदी अरुंद. बिल्डरने तिच्या पोटातून वरपासून खालपर्यंत दोन चौक कापून काढले, वाड्याला असतो तसे. गेलेली जागा वर १० मजले चढवून भरून काढली. १,३०० च्या आसपास घरं झाली! कॅनडातल्या कॅल्गरीत तेलाचा धंदा बसल्यावर ऑफिसं ओस पडली, तेव्हा २०२१ पासून महापालिकाच चौरस फुटाला ७५ कॅनेडियन डॉलर अनुदान देऊ लागली. सरकारने पदरचे पैसे घातल्याशिवाय हे गणित सहसा जमत नाही.

आपल्याकडे मुंबईत नरिमन पॉइंटहून कंपन्या बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) गेल्या, तरी वाट वेगळी निघाली. नरिमन पॉइंटची एअर इंडियाची २३ मजली इमारत राज्य सरकारने १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं, २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयाची खाती भाड्याच्या जागांत विखुरली होती, मंत्रालयापासून ही जागा चालत जाण्याच्या अंतरावर. मला हा निर्णय पटतो: ऑफिसचं ऑफिसच राहिलं, तोडफोड वाचली.