नोव्हेंबर अर्धा संपला, आता वाफे करून काही उपयोग आहे का? – आहे ताई, आधी लसूण लावा

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात तेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इंदूरच्या विजयनगरचा फ्लॅट सोडून तुम्ही शहराबाहेर खंडवा रोडला प्लॉटवर राहायला आलात, घराभोवती हजार-बाराशे फूट मोकळी जागा, काळी माती, एक बोरिंग, आणि विचारताय की आता लावायला उशीर झाला का, आणि भाजी बाजारातून आणणं पूर्ण बंद करता येईल का. उशीर अजिबात झालेला नाही. बाजार मात्र पूर्ण बंद होणार नाही, आम्ही राऊकडे अठरा वर्षं आहोत आणि बटाटे-कांदे आजही चोइथराम मंडीतूनच येतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

मुख्य गोष्ट आधी सांगते. आपल्याकडे पाणी असतं फेब्रुवारीपर्यंत. मार्च लागला की बोरिंग अर्धा तास चालून हवा मारायला लागतं, आणि प्यायच्या पाण्यातून कोणी वाफे भिजवत नाही. म्हणजे तुमच्या हातात साडेतीन महिने आहेत आणि नवीन माणूस या साडेतीन महिन्यांत सगळीकडे पालक, मेथी, मुळा पेरून टाकतो, जानेवारीत इतकी भाजी होते की शेजारी दार उघडत नाहीत, आणि एप्रिलमध्ये घरात स्वतःचं काहीही नसतं. मी म्हणते अर्धी जागा रोजच्या भाजीला द्या आणि अर्धी वर्षभर टिकेल अशा गोष्टींना. लसूण, धणे, वाळवायची मेथी. घर यांच्यावर चालतं.

लसणाचा हिशोब बघा. 10 फूट बाय 4 फुटांचा एक वाफा. पाकळी ते पाकळी 10 सेंटिमीटर, ओळ ते ओळ 15 सेंटिमीटर, तर साधारण 240-250 पाकळ्या बसतात आणि एका पाकळीचा एक गड्डा. चार माणसांच्या घराला वर्षाला तेवढं होतं, वरून पुढच्या वर्षीचं बी पण निघतं. गड्डा फोडून बाहेरच्या जाड पाकळ्या लावायच्या, आतल्या बारीक फोडणीला. टोक वर, बूड खाली, दोन बोटं खोल. पण काळ्या मातीत सपाट जागेवर लावू नका, पाणी थांबतं आणि गड्डा सडतो. माती ओढून वीतभर उंच गादीवाफा करा, त्यात दोन-तीन टोपल्या कुजलेलं शेणखत मिसळा. फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चमध्ये पात पिवळी पडून आडवी व्हायला लागली की पाणी तोडायचं, दहा-बारा दिवसांनी उपटायचं, पातीसकट सावलीत वाळवायचं आणि वेण्या घालून टांगायचं. पात कापून डब्यात भरलात तर पावसाळ्यात कोंब येतील नाहीतर बुरशी. हे काम या आठवड्यात करा, बाकी सगळं थोडं मागेपुढे चालतं.

कोथिंबिरीचे धणे चपलेखाली किंवा पाट्याने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, मग पेरा, आठ-दहा दिवस काही दिसत नाही म्हणून घाबरू नका. अर्ध्या वाफ्यातली कोथिंबीर खुडायची आणि अर्ध्याला हात लावायचा नाही, ती फुलावर येऊ द्या, मार्चमध्ये घरचे धणे मिळतात. ते कुटताना जो वास सुटतो ना, तो आणलेल्या पुडीत नसतो. मेथी एकदम पेरू नका. दर बारा-पंधरा दिवसांनी हातभर पट्टा, म्हणजे महिन्याभरात पहिला निघतो तेव्हा दुसरा तयार होत असतो. जास्तीची निवडून सावलीत वाळवा, उन्हात टाकली तर काळी पडते. पालक मुळासकट उपटू नका, दोन बोटं ठेवून कापा, तीन-चार वेळा फुटतो. गाजर काळ्या मातीत दोन-तीन पायांचं निघतं, वाळू मिसळलीत तरच लावा. टोमॅटो आणि फ्लॉवरचं बी टाकायची वेळ गेली, नर्सरीतून रोप आणा, सहा-सात पुरेत.

बटला आजच पेरा. (महाराष्ट्रातले सदस्य वाचत असतील तर बटला म्हणजे मटार, आमच्याकडे मटार म्हटलं की भाजीवाली दोनदा बघते.) वेलाला तुरीच्या काड्या किंवा जुनी जाळी द्या.

आता थंडीबद्दल, कारण तुम्ही शहरातून आलात आणि शहरातली थंडी वेगळी. आमच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी जानेवारीत टोमॅटो असे लगडले होते की मी बरण्या धुऊन ठेवल्या होत्या. रात्र अगदी स्वच्छ, वारा बंद, चांदण्या लखलखीत. सकाळी बाहेर आले तर पानं उकळत्या पाण्यात बुडवून काढलेल्या पालकासारखी, ओली, गडद, लोंबलेली, हात लावला तर बोटाला चिकटली. दुपारपर्यंत सगळं काळं. मी तिथेच बसून रडले, खरंच सांगते. याला आपण इंदूरचे लोक हिंदीसारखं पाला पडला म्हणतो, म्हणजे कडक थंडीने पिकं गोठून करपणं. बातम्यांत 5-6 डिग्री सांगतात पण तो आकडा जमिनीपासून वर असलेल्या थर्मामीटरचा, मोकळ्यावर पानाजवळ त्याहून कमी असतं. तर अशी निरभ्र, बिनवाऱ्याची रात्र दिसली की संध्याकाळी वाफ्यांना हलकं पाणी द्या, ओली माती दिवसाची ऊब जास्त वेळ धरते. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्याभोवती चार काठ्या रोवून जुन्या सुती साड्या टाका, पानांना टेकू देऊ नका, सकाळी ऊन आलं की काढा. शेतकरी बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात, आपल्या एवढ्याशा जागेत साडीच बरी, आणि धुराचा शेजाऱ्यांना त्रास. लसूण, पालक, मेथीला एवढं जपावं लागत नाही.

खताचं विचारलंत. विकत आणायची गरज नाही आणि आपण इंदूरला राहतो तर हे माहीतच पाहिजे, जगभर ज्याला इंदूर पद्धत म्हणतात ते कंपोस्ट इथलंच. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथल्या शेती संशोधन संस्थेत होते, आजचं कृषी महाविद्यालय तिथेच आहे, आणि त्यांच्यासोबत हे काम उभं करणारे यशवंत वाड. मला याचा फार अभिमान वाटतो. तीन फूट रुंद, तीन फूट उंच ढीग घाला, खाली काड्या, मग वाळका पाचोळा, त्यावर स्वयंपाकघराचं ओलं, त्यावर शेणाचा काला, वरून मूठभर राख आणि माती, असं थरावर थर. ओल एवढीच की मूठ आवळली तर एखादा थेंब यावा. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी उलथायचं, तिसऱ्या महिन्यात खत. डिसेंबरच्या सकाळी आमच्या ढिगात फावडं घातलं की वाफ निघते, सळई खोचून ठेवली तर हात लाववत नाही. थंडच राहिला तर शेण कमी पडलंय किंवा कोरडा आहे, इतकंच. आज घातलात तर फेब्रुवारीत तुमचंच खत तयार.

किडीचं फार मनावर घेऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत मावा येतोच, पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, नाहीच गेला तर निंबोळ्या कुटून लिटरला 50 ग्रॅम रात्रभर भिजवा, गाळा, संध्याकाळी फवारा.

बी मात्र या वर्षीपासूनच धरा. मेथीची सगळ्यात जोमदार पाच-सहा झाडं, बटल्याचे दोन चांगले वेल, त्यांना दोरा बांधून ठेवा म्हणजे घरातलं कोणी खुडणार नाही, आमच्या सासूबाई लाल दोरा बांधायच्या. शेंगा झाडावरच वाळू द्या, राख लावून बरणीत. पाकिटावर हायब्रिड लिहिलेलं असेल तर त्याचं बी ठेवू नका, पुढच्या वर्षी कसं निघेल सांगता येत नाही.

आणि भोगीला अजून आठ आठवडे आहेत. आज पेरलेला बटला तेव्हा जेमतेम भरायला लागेल, मुळा आणि पालक नक्की असेल, हरभरा-गाजर-वांगी आणावी लागतील. आमच्या पहिल्या भोगीच्या भाजीत घरचा फक्त वाटीभर बटला होता आणि सासऱ्यांनी तो वेगळा काढून मोजला होता, एकेक दाणा. वाफा झाला की फोटो टाका, माती किती चिकट आहे ते बघून वाळू किती घालायची ते सांगते.